कंबरदुखीसाठी पाठीत दिलं जाणारं इंजेक्शन : क्वचित होणाऱ्या गुंतागुंतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या भुलेबरोबरच कंबरदुखी आणि सायटिकासाठी (कंबरेतून पायात उतरणारी कळ) मणक्यात इंजेक्शनं देण्याचं कामही करते. ‘मॅडम, यानं लकवा तर मारणार नाही ना?’ हा प्रश्न रुग्ण बहुधा टेबलावर पालथा झोपल्यावर विचारतो. तेव्हा नीट उत्तर द्यायला मला सवड नसते आणि ऐकून विचार करायला त्याला. म्हणून ती उत्तरं इथे लिहिली आहेत.

इंजेक्शन घेऊन घरी आलोय आणि काहीतरी बिनसल्यासारखं वाटतंय. आधी काय बघू?

आधी लघवी बघा. लघवीला लागतंय पण होत नाही, ओटीपोट तटतटलंय, किंवा कपड्यात कधी झाली ते कळलंच नाही, तर हे वाट पाहत बसण्याचं दुखणं नाही. सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, संडासवरचा ताबा गेला, पायातली ताकद तासागणिक कमी होऊ लागली, तरी तेच. यातली एक गोष्ट जरी असली तरी डॉक्टरांना फोन लावा आणि फोन लागेपर्यंत निघायची तयारी करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका.

ताप, हुडहुडी, मान आखडणं, उजेड सहन न होणं किंवा कंबरेत आधी कधी नव्हती अशी, दिवसागणिक चढत जाणारी कळ, हा दुसरा गट. तो इंजेक्शननंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसू शकतो. तोवर इंजेक्शनची आठवण मागे पडलेली असते. नव्या डॉक्टरकडे गेलात तर ‘अमुक तारखेला पाठीत इंजेक्शन घेतलं होतं’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

मणक्यात इंजेक्शन म्हणजे सुई नेमकी जाते कुठे?

मज्जारज्जूत नाही. मज्जारज्जू आणि नसा एका पाण्याच्या पिशवीत असतात. त्या पिशवीच्या पडद्याबाहेर चरबी आणि बारीक शिरांनी भरलेली जी जागा असते, ती एपिड्युरल जागा. सुजलेल्या नसेभोवती स्टेरॉइड आणि थोडं बधिरीकरणाचं औषध पोचवायचं, हा हेतू. वाटा तीन : पाठीच्या मधोमध दोन मणक्यांच्या फटीतून, माकडहाडाच्या वर असलेल्या छिद्रातून, किंवा बाजूने, नस जिथून बाहेर पडते त्या खिडकीतून. ही तिसरी वाट, म्हणजे ट्रान्सफोरॅमिनल, दुखणाऱ्या नसेच्या सगळ्यात जवळ जाते. खाली सांगितलेल्या सर्वांत गंभीर गुंतागुंतीचा संबंधही बहुतांशी याच वाटेशी आहे.

सिझेरियनच्या वेळी दिलं होतं तेच का हे? त्यानंच माझी कंबर दुखायला लागली ना?

ते वेगळं. सिझेरियनला बहुधा स्पायनल देतात. त्यात सुई पडदा ओलांडून पाण्याच्या पिशवीत जाते आणि काही तासांपुरतं कंबरेखाली बधिर करणारं औषध दिलं जातं. सुई टोचलेली जागा दोन-चार दिवस हुळहुळी राहते, हे खरं. पण त्या सुईमुळे वर्षानुवर्षं कंबर दुखते याला अभ्यासांत आधार मिळालेला नाही. ज्या बायकांची प्रसूती भुलेविना झाली त्यांच्यातही बाळंतपणानंतरची कंबरदुखी तितकीच सापडते. गरोदरपणात सैल झालेले सांधे, पोटाचे ढिले स्नायू, बाळाला घेऊन वाकून पाजणं, रात्रीची जागरणं ही कारणं साधी वाटतात, पण खरी तीच आहेत. हा समज इतका घट्ट बसला आहे की पुढे गरज असतानाही बायका पाठीतलं इंजेक्शन नाकारतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंजेक्शननंतर पाय जड झाला, उभं राहता येईना. हाच लकवा का?

बहुधा नाही. औषधातला बधिरीकरणाचा भाग नसेवर उतरला की पाय काही तास लटपटतो. फरक ओळखायचा तो दिशेवरून. लगेच आलेला आणि हळूहळू उतरत जाणारा जडपणा औषधाचा. उतरून पुन्हा चढणारा, किंवा सुरुवातीला नसून नंतर वाढत जाणारा जडपणा दुसऱ्याच गोष्टीचा. म्हणूनच इंजेक्शन झाल्यावर रुग्णाला थोडा वेळ थांबवतात, चालवून पाहतात. घाई असली तरी हे चुकवू नका. त्या दिवशी गाडी चालवू नका.

डोकं असं दुखतंय की बसवत नाही. झोपलं की बरं वाटतं. हे काय?

सुई चुकून पडद्याला लागली असेल तर आतलं पाणी थेंबथेंब झिरपतं आणि मेंदूला मिळणारा आधार कमी होतो. उठलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं, ही त्याची ओळख. गंमत म्हणजे ही डोकेदुखी पहिल्यांदा नीट लिहून ठेवणारा डॉक्टर स्वतःच तिचा रुग्ण होता. जर्मनीतल्या कील शहरात १८९८ साली आउगुस्ट बियर यांनी पाठीतून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवर करून घेतला आणि नंतर कित्येक दिवस अंथरुणाला खिळून काढले.

बहुतेकांची डोकेदुखी आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. विश्रांती, पाणी, साध्या वेदनाशामक गोळ्या पुरतात. नाहीच थांबली तर रुग्णाच्याच हातातून १५-२० मिली रक्त घेऊन त्याच एपिड्युरल जागेत सोडतात. ते गोठून छिद्र बुजतं. याला ब्लड पॅच म्हणतात आणि अनेकांना त्याच टेबलावर उतार पडतो. मात्र झोपूनही न थांबणारी, ताप किंवा फिट यांबरोबर आलेली डोकेदुखी या सदरात मोडत नाही. तिला घरी ठेवू नका.

मी इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो. इंजेक्शन चालेल का?

डॉक्टरांनी विचारो न विचारो, हे तुम्ही सांगायचं. एपिड्युरल जागेत शिरांचं जाळं असतं. सुईनं एखादी शीर दुखावली तर एरवी थेंबभर रक्त येऊन गोठतं. रक्त पातळ असेल तर ते गोळा होत राहतं, आणि कण्याच्या हाडी नळीत पसरायला जागा नसल्यामुळे नसा चेपतात. रक्त पातळ करणारी औषधं न घेणाऱ्या माणसात, भुलेच्या एपिड्युरलनंतर असं होण्याचा धोका दीड लाखात एकापेक्षाही कमी, असा एक जुना अंदाज आहे. औषधं चालू असताना तो आकडा लागू पडत नाही.

क्लोपिडोग्रेल साधारण सात दिवस आधी बंद करतात. वॉरफरिन पाच दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासतात. नव्या गोळ्यांना, म्हणजे रिव्हारोक्साबान, अपिक्साबान यांना, साधारण तीन दिवस. अ‍ॅस्पिरिनचं (इकोस्प्रिनचं) गणित रुग्णागणिक बदलतं. पण या ओळी वाचून एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयात नुकताच स्टेंट बसवलेला असताना गोळ्या थांबवल्या तर तो बुजू शकतो, आणि कंबरदुखी घालवायच्या नादात जीव जाऊ शकतो. गोळी लिहून देणारा हृदयरोगतज्ज्ञ आणि इंजेक्शन देणारा डॉक्टर या दोघांचं एकमत हवं. ते होत नसेल तर इंजेक्शन पुढे ढकला. कंबरदुखीचं इंजेक्शन कधीच तातडीचं नसतं.

आमचं गाव लांब आहे. इंजेक्शन घेऊन संध्याकाळच्या एसटीनं परत गेलं तर चालेल?

हा प्रश्न कुणी गंभीरपणे घेत नाही, म्हणून मी थोडं थांबून सांगते. वर सांगितलेल्या रक्ताच्या गाठीत घड्याळ फार महत्त्वाचं आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण आठ तासांच्या आत ऑपरेशन करून दाब मोकळा केला, तर पाय परत येण्याची शक्यता बरीच चांगली असते. उशीर होत जाईल तशी ती घटते. आता गडचिरोलीच्या आतल्या गावात रात्री अकराला पाय गळाले, तर गाडी मिळणं, नागपूर गाठणं, एमआरआय होणं, सर्जन येणं हे सगळं त्या आठ तासांत बसवायचं आहे. म्हणून लांबून येणाऱ्यांना मी पहिली रात्र शहरातच नातेवाइकाकडे किंवा लॉजवर काढायला सांगते, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना. निघायची वेळ आलीच तर १०८ ला फोन करताना ‘कंबर दुखतेय’ असं सांगू नका, ‘इंजेक्शननंतर पाय गेले’ असं सांगा. आणि रात्रीही एमआरआय होतो, मणक्याचं ऑपरेशन करणारे सर्जन आहेत, अशाच रुग्णालयात जा. मधल्या दवाखान्यात सलाइन लावून पडून राहण्यात वेळ जातो.

मला मधुमेह आहे. पू होण्याची भीती खरी आहे का?

खरी, पण कमी. एपिड्युरल जागेत पू झाला तर आधी कंबरेची कळ, मग ताप, मग पायातली कमजोरी अशा क्रमानं तो पुढे येतो. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही, आणि तिसऱ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. मधुमेह, डायलिसिस, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असणाऱ्यांत धोका जास्त. कुठेही गळू, लघवीचा जंतुसंसर्ग, दातातला पू किंवा ताप असेल तर त्या दिवशी इंजेक्शन घ्यायचंच नाही.

मधुमेहींना आणखी एक त्रास हमखास होतो, आणि तो क्वचितचा नाही : स्टेरॉइडमुळे काही दिवस शुगर चढते. घरी मशिन असेल तर आठवडाभर तपासा आणि इन्शुलिनचं आधीच विचारून ठेवा.

डॉक्टर मास्क लावून इंजेक्शन देत होते. माझ्या पाठीशी त्यांच्या तोंडाचा काय संबंध?

फार जवळचा संबंध. पाठीत सुई घालताना डॉक्टरच्या तोंडातले जंतू तुषारांबरोबर सुईवर उतरून रुग्णाला मेंदूज्वर झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. म्हणूनच २००७ पासून अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या नियमांत कण्यात औषध सोडताना मास्क सक्तीचा आहे. मास्क नसेल तर रुग्णानं तो मागावा. त्यात उद्धटपणा नाही. एका रुग्णासाठी फोडलेली एकदा वापरायची व्हायल (औषधाची बाटली) दुसऱ्याला वापरायची नसते, हेही तसंच. ‘डॉक्टर, व्हायल माझ्यासमोर फोडाल का?’ असं कुणी विचारलं तर मला राग येत नाही.

अमेरिकेत इंजेक्शनमधून बुरशी गेली होती, ते खरं का?

खरं, आणि प्रत्येक भूलतज्ज्ञानं लक्षात ठेवावं असं. सप्टेंबर २०१२ मध्ये टेनेसी राज्यात एका रुग्णाला मेंदूज्वर झाला. नेहमीचे जंतू सापडेनात. शेवटी पाठीतल्या पाण्यात बुरशी सापडली, आणि धडधाकट माणसात अशी बुरशी असायला नको, हे त्याच्या डॉक्टरला खटकलं. काही आठवड्यांपूर्वी त्याला पाठीत स्टेरॉइड दिलं होतं. १८ सप्टेंबरला त्या डॉक्टरनं राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. शोध घेता घेता धागा मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावी, न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या औषध मिसळणाऱ्या कंपनीपर्यंत गेला. तिथल्या मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या तीन बॅचेस दूषित होत्या. १७ हजारांवर व्हायल २३ राज्यांत पोचल्या होत्या आणि सुमारे १४ हजार लोकांना ते औषध टोचलं गेलं होतं. सीडीसीच्या अखेरच्या मोजणीत २० राज्यांत ७५३ जण आजारी पडले आणि ६४ दगावले.

माझ्या मनातून जात नाही ती गोष्ट अशी की यात सुई मारणाऱ्याचा हात चुकला नव्हता. जागा बरोबर, तंत्र बरोबर, औषधाचं नाव बरोबर, आणि तरीही बाटलीत बुरशी. अनेकांना सुरुवातीला नुसतीच डोकेदुखी होती, जोरदार ताप नव्हता. काहींना उपचार म्हणून महिनोन्‌महिने बुरशीविरोधी औषधं घ्यावी लागली. यानंतर २०१३ मध्ये अमेरिकेनं अशा कंपन्यांवर देखरेखीचा नवा कायदा केला. २०१७ मध्ये कंपनीचा प्रमुख बॅरी कॅडन दोषी ठरला. खुनाच्या आरोपांतून मात्र तो सुटला. रुग्ण म्हणून आपल्या हातात एवढंच आहे : औषधाचं नाव, कंपनी, बॅच नंबर असलेली चिठ्ठी किंवा लेबल फाइलला लावून घ्यायचं.

मग लकव्याचं काय? तो कशानं होतो?

नसेच्या खिडकीतून मज्जारज्जूला रक्त पुरवणारी एखादी धमनीही आत जाते. सगळ्यांत मोठी अशी धमनी अ‍ॅडमकिविझच्या नावानं ओळखली जाते. बहुतेकांत ती डाव्या बाजूला, छातीच्या नवव्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंत कुठेतरी असते. नेमकी कुठे, हे माणसागणिक वेगळं. सुई अशा धमनीत गेली आणि औषधात कण असले, तर ते कण पुढे जाऊन बारीक रक्तवाहिन्या बुजवतात. मज्जारज्जूचा तेवढा भाग मिनिटांत उपाशी पडतो. हा लकवा टेबलावरच किंवा थोड्याच वेळात येतो आणि बऱ्याचदा परत फिरत नाही.

कण असलेलं औषध ओळखणं सोपं आहे. ट्रायमसिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन दुधासारखं पांढरं दिसतं, हलवलं नाही तर साका खाली बसतो. डेक्सामेथासोन पाण्यासारखं स्वच्छ. कणवाल्या औषधाचा परिणाम जास्त टिकतो असं पूर्वी ठामपणे सांगत. तुलना केल्यावर तो फरक फारसा दिसला नाही. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं इशारा दिला की एपिड्युरल स्टेरॉइडमुळे क्वचित दृष्टी जाणं, पक्षाघात, लकवा आणि मृत्यू होऊ शकतो. या वापरासाठी स्टेरॉइडना त्यांची मंजुरी नाही, हेही त्यात होतं. पाठोपाठ २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या गटानं सांगितलं : मानेत बाजूच्या वाटेनं कणवालं औषध द्यायचंच नाही आणि कमरेत याच वाटेनं सुरुवात डेक्सामेथासोननं करायची. सुई सी-आर्मसारख्या, एक्स-रे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राखाली, रंग सोडून, तो कुठे वाहतो हे पडद्यावर चालू असताना पाहूनच पुढे जायचं. सिरिंज मागे ओढून रक्त आलं नाही म्हणजे सुई धमनीत नाही, असं समजणं चुकीचं ठरलं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. सी-आर्म नसलेल्या खोलीत, नुसत्या बोटांच्या अंदाजानं, बाजूच्या वाटेचं इंजेक्शन कुणी देत असेल तर उठून या.

मानेचं इंजेक्शन जास्त धोक्याचं का?

हो. मानेत जागा अरुंद, मज्जारज्जू तिथेच, आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या शेजारी. कमरेच्या इंजेक्शनला होकार देताना जेवढा विचार केलात, त्याच्या दुप्पट इथे करा.

मला सुईची भीती वाटते. पूर्ण झोपवून देता येईल?

देता येतं म्हणून द्यायचं नसतं. सुई नसेला लागली तर पायात वीज चमकल्यासारखी कळ जाते आणि तुम्ही ओरडता. ते ओरडणं हाच माझा इशारा असतो, मी तिथे थांबते. गाढ झोपलेला रुग्ण हा इशारा देऊ शकत नाही. भीतीसाठी हलकं औषध चालतं, बोलता येईल इतपत जाग हवी.

डोळ्यांवर परिणाम कसा काय होईल? सुई तर पाठीत आहे.

भरपूर औषध एकदम जोरात सोडलं तर पाठीतल्या पाण्याचा दाब डोळ्यांपर्यंत पोचतो आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो. अगदी क्वचित. औषध हळू सोडणं हा त्यावरचा उपाय. नंतर धूसर दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना इंजेक्शनचं सांगा.

एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत, हे सांगायलाच हवं का?

हवं. रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असलेल्या गोळ्यांबरोबर ट्रायमसिनोलोन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. एका इंजेक्शननंतर काही आठवड्यांत चेहरा सुजणं, शुगर-बीपी चढणं आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं बंद होणं असे प्रकार झाले आहेत. संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना एकट्यानं भेटा, गोळ्यांची पट्टी पुढे ठेवा. तेवढं पुरतं.

इतरांनीही लक्षात ठेवा : पुढच्या तीन-चार आठवड्यांत मोठं ऑपरेशन ठरलं, तर पाठीत स्टेरॉइड घेतल्याचं भूलतज्ज्ञाला कळवा.

डॉक्टरांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ते सांगायला बांधील नाहीत का?

इथे कायदा माहीत हवा. संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००८ चा समीरा कोहली प्रकरणातला निकाल आपल्याकडे पायाभूत मानला जातो. उपचार काय, फायदा काय, पर्याय काय, मोठे धोके कोणते, नाही म्हटलं तर काय होईल, हे डॉक्टरनं सांगायलाच हवं. मात्र रुग्णाला घाबरवतील किंवा गोंधळात टाकतील असे अगदी दूरचे धोके सांगण्याची गरज नाही, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. म्हणजे लकव्यासारखी गोष्ट ‘दूरची’ म्हणून न सांगितलेली राहू शकते. मला हे पटत नाही. लाखात एकालाच होणार असेल, पण त्या एकाचे पाय जाणार असतील, तर ते कळण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण कायदा असा असेपर्यंत विचारायचं काम तुमचं. विचारा : कुठल्या वाटेनं देणार, औषध पांढरं की स्वच्छ, सी-आर्म आहे का, रात्री काही झालं तर कुठला नंबर. आणि आदल्या दिवशी विचारा, टेबलावर नको.

एवढं सगळं असताना घ्यावं तरी का?

गादी सरकून पायात भयंकर कळ येणाऱ्याला, ज्याला बसता-झोपता येत नाही, काही आठवड्यांचा उतार मिळाला तर तो चालू-फिरू शकतो, आणि तोवर बहुतेक सायटिका आपोआप ओसरतो. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार सायटिकात या इंजेक्शनाचा फायदा आहे, पण थोडा आणि थोड्या काळापुरता. तीन महिन्यांपेक्षा जुन्या मणक्याच्या दुखण्यात मात्र चित्र वेगळं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी अशी इंजेक्शनं देऊ नयेत असं ठामपणे म्हटलं. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतले. माझा अनुभव असा की ‘मणक्यात गॅप आहे’ एवढ्या निदानावर, पायात कळ नसताना घेतलेली इंजेक्शनं बहुतेक वाया जातात. आणि फायदाच नसेल तर लाखातला एक धोकाही महागच. पहिल्यानं उपयोग झाला नसेल तर ‘तीन इंजेक्शनांचा कोर्स’ पुरा करायलाही काही आधार नाही.

त्रास झाला तर त्याची नोंद कुठे होते?

औषधाच्या दुष्परिणामांसाठी भारताचा औषध दक्षता कार्यक्रम आहे, २०१० पासून. त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रं आहेत. डॉक्टरच नव्हे, रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. कळवताना इंजेक्शनची तारीख, औषधाचं नाव, कंपनी आणि बॅच नंबर हाताशी ठेवा. टेनेसीतल्या त्या डॉक्टरनं कळवल्यावर आठ दिवसांत दूषित बॅचेस परत मागवल्या गेल्या, तेव्हा शोध याच माहितीवर चालला होता.